आईच्या वाट्याचा डोंगर

रायगडाला रोपवे १९९६ साली झाला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्याआधी आमच्या घरची रायगडाची रीत ठरलेली होती. बाबा आणि मी चौदाशेहून जास्त पायऱ्या चढून वर जायचो आणि आई पाचाडला ओळखीच्यांच्या ओसरीवर बसायची. तिचे गुडघे तिशीतच धरले होते. संध्याकाळी आम्ही उतरलो की ती विचारायची, "काय काय बघितलंत?" मग बाबा परतीच्या एस्टीत तासभर सांगत राहायचे. रोपवे झाल्यावर ती हिरकणीवाडीतून एकदा वर आली. त्या दिवशीही बाबा पायऱ्यांनीच चढले. वर पोचल्यावर म्हणाले, "रोपवेनं आलेला गड चढलेला धरत नाहीत." आई काही बोलली नाही, पण पुन्हा कधी आलीही नाही.

यंदा जुलैत दोघं माझ्याकडे झुरिकला आले. बाबा एकाहत्तर वर्षांचे, आई सहासष्टची. बाबांची एकच मागणी होती, आल्प्समधल्या आयगर डोंगराची उत्तर भिंत, म्हणजे त्याचा उभा कडा. तरुणपणी पिंपरीच्या कारखान्यातल्या मित्रांबरोबर ते सह्याद्रीत भटकायचे, तेव्हापासून ही भिंत त्यांच्या डोक्यात होती. आईला मी विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही दोघं जा, मी खाली बसेन." तेव्हाच मी ठरवलं की या वेळी कुणी खाली बसणार नाही.

ग्रिंडेलवाल्डला दोन रात्री राहिलो. हे गाव १,०३४ मीटरवर, खालून काळसर पाण्याची ल्युचिने नदी वाहते, आणि दक्षिणेला वेटरहॉर्नपासून आयगरपर्यंत डोंगरांची रांग अशी उभी की मान मागे टाकल्याशिवाय माथे दिसत नाहीत. इथला दिवस आखायचा तर आदल्या रात्री हवामान बघायचं आणि सकाळी उठल्या उठल्या वरच्या स्टेशनांचे वेबकॅम. गावात लख्ख ऊन आणि वर धुक्यात काहीच दिसत नाही, किंवा नेमकं उलटं, असं हमखास होतं. आमच्या दिवशी सकाळी वर निरभ्र होतं आणि पाचनंतर गडगडाटाचा इशारा होता. त्यामुळे साडेआठलाच दोरमार्गांच्या टर्मिनलवर पोचलो. तिकिटासाठी आईबाबांचं हाफ फेअर कार्ड आधीच काढलं होतं. डोंगरावरच्या जवळजवळ सगळ्या गाड्या आणि गोंडोला, म्हणजे दोरावरचे पाळणे, त्यावर अर्ध्या भाड्यात मिळतात. दोन-तीन दिवस डोंगरात फिरायचं असेल तर ते काढलेलं परवडतं.

टर्मिनलवरून दोन दोरमार्ग निघतात. एक मॅनलिखेनच्या धारेवर, दुसरा आयगर एक्सप्रेस, आयगरच्या कुशीतल्या आयगरग्लेचर स्टेशनाला. आम्ही पहिल्यानं वर जाऊन दुसऱ्यानं उतरणार होतो. मधलं चालणं हाच खरा दिवस.

आईला भीती एकाच गोष्टीची होती, हलत्या पाळण्यात पाय टाकायची. गोंडोलाच्या केबिन स्टेशनात पूर्ण थांबत नाहीत, सावकाश सरकत राहतात. बाबा गेली पाच मिनिटं मान वर करून छताकडे बघत होते. तिच्याजवळ येऊन म्हणाले, "हे बघ, दोर सतत पळतोय, तो थांबतच नाही. केबिनच्या डोक्यावर चिमटा आहे. स्टेशनात शिरली की चिमटा सुटतो, केबिन रुळावर हळू होते, माणसं बसतात, मग टायरांची रांग तिला ढकलून दोराच्या वेगाला आणते आणि चिमटा पुन्हा दोर पकडतो." आई म्हणाली, "आणि नाही पकडला तर?" बाबा म्हणाले, "तर ती स्टेशनाबाहेर पडूच देत नाहीत, सगळी लाइन थांबते." चाळीस वर्षं यंत्रांत घालवलेल्या माणसाचा तो शब्द होता, म्हणून तिला पटला. तरी मी तिथल्या मुलीला आईच्या गुडघ्यांकडे बोट करून दाखवलं. तिनं मान हलवली, बटण दाबलं आणि अख्खी लाइन मंदावली. आई पायरी न चढता, सपाट जमिनीवरून आत गेली. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर हे बिनदिक्कत सांगा. ते त्यांचं रोजचं काम आहे.

ही केबिन दहा जणांची. १९७८ पासून चालत आलेल्या जुन्या चारआसनी गोंडोलाच्या जागी २०१९ च्या डिसेंबरात नवी आली, आणि अर्ध्या तासाचा प्रवास १९ मिनिटांवर आला. खाली आधी घरं, मग उतारावर कापून पसरलेलं गवत, मग देवदारासारखी उंच काळपट झाडं, मग झाडंच संपली. गायींच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज बंद काचेतूनही वर येत होता. आईनं दोन्ही हातांनी बाक धरला होता. झाडं संपली तेव्हा एक हात सोडला. वर पोचेपर्यंत ती काचेला नाक लावून बसली होती.

मॅनलिखेनचं स्टेशन सव्वादोन हजार मीटरच्या आसपास आहे. दाराबाहेर पडल्यावर पहिल्यांदा कळतं की आपण एका धारेवर आहोत. मागे आत्ता सोडून आलेलं ग्रिंडेलवाल्डचं खोरं आणि पुढे, शंभरेक पावलांवर, जमीन एकदम तुटते. तिथे खाली वेंगेन गाव, त्याच्याही खाली लाउटरब्रुनेनचं अरुंद खोरं, दोन्ही बाजूंना सरळ कातळ, आणि समोरच्या कातळावरून लोंबणारा श्टाउबबाखचा धबधबा, जवळजवळ तीनशे मीटरचा. इतक्या उंचीवरून तो दोऱ्याएवढा दिसतो. बाबा कठड्याशी गेले आणि गप्प उभे राहिले. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथे पडून खाली बघणारे बाबा मी पाहिलेत. तोच चेहरा होता.

इथून क्लाइने शायडेगच्या खिंडीपर्यंतची वाट म्हणजे या भागातली सगळ्यात सोपी आणि माझ्या मते सगळ्यात उदार वाट. साधारण साडेचार किलोमीटर, रुंद, खडी टाकलेली, एकूण उतार पावणेदोनशे मीटरच्या आतबाहेर, तोही असा सावकाश की गुडघ्याला जाणवत नाही. पिवळ्या पाटीवर लिहिलं होतं, दीड तास. स्वित्झर्लंडच्या पाट्यांवर बहुतेक किलोमीटर नसतात, वेळ असतो, आणि तो न थांबता चालणाऱ्या माणसाचा. बाबांना हे फार आवडलं. "आपल्याकडे वाडीतल्या आजोबांना विचारलं की म्हणतात, हे काय, इथंच. आणि ते इथंच दोन तासांनी येतं." नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, जिथे बूट आणि पाय दोन्ही भरवशाचे लागतात. एवढं लक्षात ठेवलं की इथे चुकायला होत नाही.

आम्ही दीड तासाचे पावणेतीन तास केले. पाट्यांवरच्या वेळेला आई बांधील नव्हती. दोन्ही हातांत काठ्या, उजव्या गुडघ्याला क्रेप बँडेज, आणि दर वळणावर थांबून बघणं. उताराच्या बाजूला जेन्शियनची निळी फुलं होती. इतका गडद निळा रंग मी आपल्याकडे फक्त शाईत पाहिलाय. अल्पाइन रोझची लाल झुडपं, पिवळ्या फुलांचे पट्टे. आई म्हणाली, "कासला तुम्ही मला नेलं होतंत, तिथं अशीच सोनकी होती." बाबांना ते आठवत नव्हतं. कासला गाडी वरपर्यंत जाते, म्हणून ती सहल त्यांच्या हिशेबात कधी भटकंती नव्हती. आईला तिथली फुलं नावानिशी पाठ होती.

वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस "ग्रुएसेख" म्हणतो. झुरिकला "ग्रुएत्सी", इथे बर्नच्या बाजूला "ग्रुएसेख". आई प्रत्येकाला हात जोडून नमस्कार करत होती. दोन शाळकरी पोरांनी तिला तसाच उलटा नमस्कार केला, तर ती थांबून त्यांच्याशी मराठीत बोलली.

निम्मी वाट झाल्यावर बाबांच्या पावलाचा आवाज बदलला. फट् फट् असा. खाली बघितलं तर डाव्या बुटाचा तळ पुढून सुटून जिभेसारखा लोंबत होता. ते बूट त्यांनी सात-आठ वर्षांपूर्वी घेतले होते. नंतर गुडघा, मग करोना, मग राहिलंच, अशी ती जोडी पुण्यात कपाटात पडून होती. वापरले जेमतेम चार वेळा, वरचं चामडं नव्यासारखं. पण तळ आणि बूट यांच्यामध्ये जो मऊ फोमचा थर असतो ना, तो पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्यानं आतल्या आत विरत जातो. न वापरता ठेवलेला बूट उलट लवकर जातो म्हणतात. मी बोट लावलं तर राखाडी भुगा हातात आला, शिळ्या रव्याच्या लाडवासारखा. उजवा तपासला, त्याचीही टाच सुटायला लागली होती. आपल्या दमट हवेत ठेवलेले जुने ट्रेकिंगचे बूट कुणी डोंगरावर न्यायला काढणार असेल, तर आधी तळ दोन्ही हातांनी वाकवून बघा आणि आठवडाभर घराजवळ घालून चाला. हे मला माहीत होतं. बाबांचे बूट मात्र तपासायचं माझ्या मनातही आलं नाही. वडिलांच्या बुटांवर लहानपणापासून जो भरवसा असतो, तो मधे आला.

बाबा दगडावर बसले. आईनं काठ्या मला दिल्या, पाठीवरची पिशवी उघडली आणि जास्तीचं क्रेप बँडेज काढलं. बाबांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. बोटांच्या मागून सुरुवात, तळाखालून, वर, घोट्याला एक वेढा, पुन्हा तळाखालून. आठाच्या आकड्यात, प्रत्येक वेढ्याला ताण देऊन. वीस वर्षं रोज सकाळी ती स्वतःचा गुडघा असाच बांधते. शेवटी दोन चिमटे लावून तिनं बुटावर थाप मारली, "चला." ते बांधणं क्लाइने शायडेगपर्यंत तसूभर सरकलं नाही.

क्लाइने शायडेग, २,०६१ मीटर. दोन्ही खोऱ्यांतून येणाऱ्या दातेरी रुळांच्या गाड्या इथे भेटतात आणि युंगफ्राऊयोखला जाणारी लाल गाडी इथून सुटते. तिचं काम १८९६ ला सुरू झालं आणि ती ३,४५४ मीटरवर पोचली १९१२ ला, बराचसा मार्ग आयगर आणि शेजारचा म्योंख या डोंगरांच्या पोटातून खोदत. आम्हाला तिचं फक्त पहिलं स्टेशन हवं होतं, आयगरग्लेचर. खरं म्हणजे तिथपर्यंतचा तासाभराचा चढ बाबा आणि मी चालणार होतो आणि आई गाडीनं येणार होती. बाबांनी बुटाकडे पाहिलं आणि स्वतःच तिकिटं काढायला लावली.

आयगरग्लेचरला बाकावर बसून धपाटे आणि लसणीची चटणी खाल्ली. पिवळ्या चोचीचे काळे पक्षी अगदी पायाशी येऊन बसत होते. समोर, ज्या हिमनदीवरून स्टेशनाला नाव मिळालं तिचं मळकट, भेगाळलेलं टोक खूप वर सरकलेलं. खाली ग्रिंडेलवाल्डला तर एकोणिसाव्या शतकात हिमनदी पार खोऱ्याच्या तळापर्यंत उतरलेली होती. आता ती बघायला डोंगराच्या घळीत आत शिरावं लागतं. आई बर्फाकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "दुखणाईत माणसासारखी दिसते गं."

इथून आयगर ट्रेल निघतो. खालच्या आल्पिग्लेन स्टेशनापर्यंत सहा किलोमीटर, सातशे मीटर उतार, सतत भिंतीच्या पायथ्याशी. पांढरा-लाल-पांढरा पट्टा. बाबांच्या मनातली वाट हीच होती. नकाशावर तिला पेन्सिलीनं रेघ मारून त्यांनी तो पुण्याहून आणला होता. तीन-चार ठिकाणी घसरडी खडी आणि ओले ओहोळ लागतात. बँडेज बांधलेल्या बुटानं तिथे जायचा प्रश्नच नव्हता. ते त्यांनीच सांगितलं, मला बोलावं लागलं नाही. घडी घातलेला नकाशा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू जा. भिंतीला हात लावून ये." आणि आईकडे वळून, "चल, आपण तुझ्या रोपवेनं उतरू."

मी निघाले. पहिल्या वळणानंतर आयगर एक्सप्रेसच्या केबिन माझ्या खालच्या बाजूला दिसायला लागल्या. २०२० च्या डिसेंबरात सुरू झालेला हा दोरमार्ग साडेसहा किलोमीटर जातो, एकूण ४४ केबिन, एकेकीत २६ जण. दोन जाड दोर स्थिर असतात, त्यांवरून केबिन धावते, आणि तिसरा तिला ओढतो. म्हणून तो जोराच्या वाऱ्यातही चालू राहतो आणि मधले खांबही मोजके, सातच. मला कुठल्या केबिनमध्ये आईबाबा आहेत ते कळत नव्हतं, म्हणून ओळीनं येणाऱ्या पाच-सहा केबिनना मी हात केला.

भिंतीबद्दल काय सांगू. जवळून ती भिंत वाटतच नाही, इतकी ती मोठी आहे. जवळजवळ १,८०० मीटर सरळ वर. दोन रायगड एकावर एक उभे केले तरी वर उरेल. उन्हाळ्यातही सावलीत, काळी, ओली, आणि दर थोड्या वेळानं कुठून तरी दगड सुटल्याचा आवाज. १९३६ च्या जुलैत चार तरुण वर अडकले. त्यांतला शेवटचा, टोनी कुर्त्स, दोराला लटकत बचावकर्त्यांच्या अगदी जवळ पोचला होता, पण दोन दोर जोडलेली गाठ त्याच्या कडीतून पार होईना, आणि तो तिथेच गेला. बचावाला आलेली माणसं रेल्वेच्या बोगद्याला पाडलेल्या दारातून भिंतीवर उतरली होती. दोन वर्षांनी, २४ जुलै १९३८ ला, हेकमायर, फ्योर्ग, हारर आणि कास्पारेक माथ्यावर पोचले. ही चार नावं मला शाळेच्या पाढ्यांबरोबर पाठ झाली होती. बाबा मला झोपवताना ती सांगायचे.

एका ठिकाणी वाट कातळाला अगदी चिकटून जाते. मी हातमोजा काढला आणि तळवा टेकवला. चुनखडीचा दगड. आपल्या काळ्या कातळासारखा खरखरीत नाही, गार, बारीक ओलसर, आणि उभ्या पन्हळी पडलेला. वरून आलेलं पाणी त्या पन्हळीतून माझ्या बोटांवरून मनगटात उतरलं. मी फोटो काढला, पण हाताचा नाही, हात लावलेल्या जागेचा. बाबांना तोच हवा असणार होता.

पुढची वाट उतरणीची. एका लांब धबधब्याखालून पलीकडे, एका तीव्र घळीत लोखंडी दोर धरून, मग कुरणं, मग आल्पिग्लेन. खाली पोचेपर्यंत माझेच गुडघे बोलायला लागले होते. तेव्हा समजलं की सातशे मीटरचा उतार म्हणजे आईच्या भाषेत काय. दोन तासांची पाटी, मला अडीच लागले. तिथून दातेरी गाडीनं ग्रुंड, आणि थोडं चालून टर्मिनल. वेटरहॉर्नवर ढग जमायला लागले होते. याच वेटरहॉर्नवर १९०८ साली माणसं नेणारा दोरमार्ग बांधला होता, आल्प्समधल्या सुरुवातीच्यांपैकी एक. पहिल्या महायुद्धात तो बंद पडला. त्याची गोष्ट बाबांनी मला आदल्या संध्याकाळीच सांगितली होती.

आईबाबा एका बाकावर बसले होते. बाबांनी बूट काढून पिशवीत ठेवले होते आणि पायात नवे, साधे कापडी बूट होते. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. "पाणी आहे हे?" "हो." "गार होतं?" "खूप." त्यांनी मोबाइल आईकडे दिला.

आईनं फोटो पाहिला, पण तिला स्वतःचं सांगायचं होतं. भिंतीच्या समोरून केबिन जाते तेव्हा भिंतच आपल्याकडे सरकत येते असं वाटतं, ते. खाली एक माणूस इतक्या उभ्या उतारावर कोयत्यासारख्या लांब पात्यानं गवत कापत होता, ते. एका घरामागे दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या आणि एक बाई वर बघून थांबली होती, ते. "आणि तू दिसलीस. लाल टोपी. हात हलवत होतीस. मी ह्यांना म्हटलं ती बघा, तर ह्यांना दिसेना."

रात्री पाऊस कोसळत होता. आईनं साताऱ्याला मावशीला फोन लावला. तिथे मध्यरात्र उलटली होती, तरी मावशी जागी होती. आई सांगत सुटली, पहिल्या केबिनपासून, जेन्शियनच्या निळ्यापासून, हिमनदीच्या टोकापर्यंत. "आणि ती भिंत म्हणजे, अगं, सोळाशे मीटर..."

बाबा पलंगावरून म्हणाले, "अठराशे."

"तुम्ही थांबा हो जरा," आई म्हणाली, "मला सांगू दे." आणि बाबांनी उशी पाठीशी घेतली, चष्मा काढून ठेवला आणि ऐकत बसले.